पहारेकऱ्याची परीक्षा

संगणकांच्या जाळ्यावर आपण हल्लीं जो विश्वास टाकतों, तो बहुधा पारखून टाकलेला नसतो. दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, आगगाडीचें तिकीट, वडिलांचा पगार, हें सर्व त्याच जाळ्यांतून घरीं येतें. आणि आज आलें एवढ्यावरून तें उद्यांहि येईल असें आपण मानतों. परंतु एखादी यंत्रणा चांगल्या दिवशीं चालते, हा तिच्या भरंवशाचा पुरावा नव्हे. ती मोडूं लागली म्हणजे कशी वागते, हें पाहिल्यावांचून तिच्याविषयीं मत देणें धाडसाचें होय.

१५ जानेवारी १९९० रोजीं अमेरिकेंत घडलेली हकीकत या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. ए. टी. अँड टी. कंपनीचें लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचें जाळें तेव्हां ११४ संगणकचलित केंद्रांवर उभें होतें. न्यूयॉर्क येथील एका केंद्रांत किरकोळ बिघाड झाला. ठरल्याप्रमाणें तें कांहीं सेकंद थांबलें, आणि स्वतःस सावरून पुन्हां शेजाऱ्यांकडे निरोप धाडूं लागलें. शेजारचें केंद्र त्याच्या पुनरागमनाची नोंद करण्यांत गुंतलेलें असतांनाच त्याजकडून दुसरा निरोप आला, कीं तेंहि गोंधळून थांबे; मग तें सावरे, निरोप धाडी, आणि आपल्या शेजाऱ्यांस पाडी! असा हा खेळ सुमारें नऊ तास चालला. कारण काय, तर महिन्यापूर्वीं सर्व केंद्रांत घातलेल्या नव्या आज्ञावलींत एक आज्ञा भलत्या जागीं पडली होती. केंद्र एकटें घेऊन तपासतांना हा दोष सहसा दिसण्यासारखा नव्हता. निरोप लागोपाठ येत तेव्हांच तो प्रकट होई.

येथें उलटली ती बिघाडांतून सावरण्यासाठीं केलेली तजवीजच. आणि हें एकदांच घडलें असें नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं देखभालीच्या एका आज्ञेनें फेसबुकच्या केंद्रांमधील दुवे तुटले, आणि तें सुमारें सहा तास बंद राहिलें. अशी आज्ञा अडविण्याकरितां एक तपासनीस आज्ञावली नेमलेली होती. दोष तिच्यांतच निघाला. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीची एक सदोष फाईल सुमारें ८५ लाख विंडोज संगणकांस भोंवली, आणि आपल्या देशांतील विमानतळांवरहि प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाईलहि तपासनीस आज्ञावलीनेंच निर्दोष ठरविली होती. पहारेकरी नेमला, पण तो जागा आहे कीं नाहीं हें पाहावयास कोणी गेलें नाहीं, त्यांतला हा प्रकार.

यासाठीं मुद्दाम मोडून पाहावें, असें माझें स्पष्ट मत आहे. नेटफ्लिक्स कंपनीनें 'केऑस मंकी' नांवाची एक आज्ञावली केली व २०१२ सालीं ती सर्वांस खुली केली. नांवाप्रमाणेंच तिचें काम माकडाचें : ऐन कामाच्या वेळीं चालते सर्व्हर वाटेल तसे बंद पाडावयाचे, आणि बाकीचे भार सांभाळतात कीं नाहीं हें पाहावयाचें. चालत्या गाड्याला खीळ कां घालावी, असें कोणी म्हणेल. पण खीळ आज ना उद्यां बसणारच. ती मध्यरात्रीं बसण्यापेक्षां कारागीर हजर असतांना बसलेली बरी. रुग्णालय किंवा रेल्वेचे सिग्नल यांच्याशीं असा खेळ करतां येणार नाहीं, हें उघड आहे. तेथें हुबेहूब दुसरी यंत्रणा उभारून ती मोडावी. खर्च होईल, तो सोसावा.

आतां जवळचें पाहूं. पुष्कळ शाळांतून विद्यार्थ्यांचे गुण संगणकांत असतात, आणि त्यांची राखीव प्रत ठेविली आहे असें सांगण्यांत येतें. त्या प्रतीवरून एका तरी वर्गाचीं गुणपत्रकें पुन्हां तयार करून कोणीं पाहिलीं आहेत काय? काम सुटींतल्या एका दिवसाचें आहे. येत्या पालकसभेंत हा प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा.