विद्यापीठाची २५ वर्षं आणि आपला मुरमाड प्लॉट



परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला १८ मे १९९७ रोजी २५ वर्षं पूर्ण झाली. १९७२ साली ते निघालं आणि त्याच साली मोठा दुष्काळ पडला. आपली बाया-माणसं खडी फोडायला गेली, पोटात सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो. त्याच सुमाराला आपल्यातल्या कित्येकांनी डोंगरउतारावरची दगडं वेचून, जंगलखात्याच्या जमिनीवर बाजरी पेरायला सुरुवात केली. म्हणजे विद्यापीठ आणि आपले बरेचसे प्लॉट एकाच वयाचे. मग हिशेब दोघांचा एकदमच मांडू.

विद्यापीठ आपला हिशेब मांडेल तेव्हा वाण किती काढले, पदव्या किती दिल्या, शिफारशी किती केल्या ते सांगेल. आमचा प्रश्न तेवढाच नाही. हे सगळं कुठल्या जमिनीसाठी झालं आणि कुणाच्या सांगण्यावरून झालं, ते आम्हाला पाहिजे.

खोटं कशाला बोलायचं, कामं झालीत. बदनापूरच्या केंद्रानं तुरीचे वाण काढले, मर रोगाला टिकणारे. ही तूर आपल्या डोंगरातही बाजरीच्या ओळीत दिसते आणि वरणात पडते. भेंडीची परभणी क्रांती निघाली, केवडा रोगाला दाद न देणारी. आता हे ऐका. त्या भेंडीत रोग सोसायची ताकद आली ती रानभेंडीच्या भावकीतल्या एका जातीशी संकर करून. ती जात आपल्याच रानातली होती असा दावा आम्ही करत नाही. पण बागाईतातलं पीक आजारी पडलं की औषध रानाच्या बाजूला शोधावं लागतं, हे विद्यापीठाला चांगलं ठाऊक आहे. रान राखणाऱ्या माणसाचं नाव मात्र वाणाच्या कागदावर येत नाही.

बाकीचा जोर कुठं लागला? संकरित कापूस, संकरित ज्वारी, मोसंबी. नांदेड-४४ कापसाचं नाव कुणाला माहीत नाही? काळ्या जमिनीत तो पैसा देऊन गेला. पण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. घरच्या कणगीतलं बी पुन्हा पेरता येत नाही. जालना रोडनं निघालात तर बदनापूरला सरकारी संशोधन केंद्र आणि पुढं जालन्याला खाजगी बियाण्याच्या कंपन्यांचं माहेर. रस्ता एकच. संशोधनाचा खर्च जनतेच्या खिशातून होतो आणि पिशवी दुकानातून उधारीवर घ्यावी लागते, असा हा रस्ता आहे.

संकरित ज्वारीचं घ्या. खरिपात कणसं भरतात त्याच वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो. अशी ज्वारी बाजारात नेली की व्यापारी मूठभर हातात घेतो, फुंकतो आणि निम्मा भाव सांगतो. भाकरी कडवट लागते. ताट बुटकं, म्हणून कडबाही कमी. ज्याच्याकडे चार जनावरं आणि दोन एकर मुरूम आहे, त्याला कडबा हे निम्मं पीक असतं. शिफारस काय, तर हेक्टरी ८० किलो नत्र, ४० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. खत आणायला सोसायटीचं पीककर्ज पाहिजे. पीककर्जाला सातबारा पाहिजे. आणि आपल्याकडे सातबारा नाही, दंडाची पावती आहे.

गाडं अडतं ते इथं. सातबारा नसलेला माणूस शेतीच्या सरकारी कागदावर शेतकरी नसतोच, तो अतिक्रमणदार असतो. मग त्याच्या शेताला अडचणी तरी कुठून असणार? आणि ज्या अडचणी नोंदल्याच जात नाहीत, त्यांच्यावर संशोधन कोण करणार? १९७९ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प आला. महाराष्ट्राचे हवामानाप्रमाणे ९ विभाग पाडले. विभाग पाडताना पाऊस मोजला, माती मोजली. मालकी मोजली नाही. त्यानंतर प्रशिक्षण आणि भेट योजना आली. तिच्यात गावोगाव ‘संपर्क शेतकरी’ निवडायचे, विद्यापीठाचं ज्ञान त्यांच्याकडून बाकीच्यांकडे झिरपेल असा हिशोब. संपर्क शेतकरी कोण झाला असेल ते सांगायला नको. ज्याच्या ओट्यावर खुर्ची होती तो. झिरपत झिरपत ज्ञान विहिरीच्या मोटरीपर्यंत आलं आणि तिथंच जिरलं. डोंगरावर पाणी चढत नाही तसं तेही चढलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आपल्यातले काही जण तालुक्याच्या एका कार्यालयात तुरीच्या बियाण्याची मिनिकिट मागायला गेले. बाबूनं विचारलं, गट नंबर सांगा. म्हणाले, कंपार्टमेंट नंबर आहे. तो हसला आणि पुढच्याला बोलावलं. त्या बाबूवर आमचा राग नाही. त्याच्या रजिस्टरात कंपार्टमेंटचा रकानाच नव्हता.

आम्ही हे चिकलठाण्यातून लिहितो आहोत, तेही सांगितलं पाहिजे. इथं एमआयडीसी आहे, विमानतळ आहे. दोन्हीला जमीन गावांनीच दिली. कन्नड-सोयगावच्या डोंगरातले आपले भिल्ल, ठाकर भाऊबंद पीक काढून झालं की इथं बांधकामावर येतात, काही कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली हमाली करतात. शहाणे लोक म्हणतात, डोंगरातली शेती परवडत नाही म्हणून हे येतात. कोरडवाहू उतारावरच्या शेतीवर २५ वर्षं मोसंबीवर झाला तेवढा विचार झाला असता, आणि तरी परवडली नसती, तर हे बोलणं आम्ही ऐकून घेतलं असतं.

आता थोडं लांबचं. ही कृषी विद्यापीठं आपल्या देशात आली ती अमेरिकेचा नमुना बघून. पहिलं १९६० साली पंतनगरला, तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या तराईत. तराई म्हणजे थारू आणि बुक्सा आदिवासींचा मुलूख. त्यांच्या जमिनी कुणाकुणाच्या हातात गेल्या ते तिथल्या लोकांना विचारा. आणि अमेरिकेचा नमुना म्हणजे काय? १८६२ साली तिथं कायदा झाला. सरकारनं राज्यांना लाखो एकर जमीन दिली, ती विकून किंवा राखून शेतकीची कॉलेजं काढा म्हणून. ती जमीन सरकारकडे आली कुठून? तिथल्या मूळच्या जमातींकडून, तह लादून आणि बंदुकीच्या जोरावर. म्हणजे या झाडाचं मूळच आदिवासींच्या जमिनीत आहे. फळ कुणी खाल्लं, ते आपण वर बघितलंच.

त्याच अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं टोमॅटो तोडायचं यंत्र काढलं, यंत्राला सोसेल असा कडक टोमॅटोही काढला. मोठ्या बागायतदारांचं भलं झालं. हजारो शेतमजुरांचं काम गेलं आणि छोटे शेतकरी त्या पिकातून उठले. १९७९ साली शेतमजुरांच्या बाजूनं विद्यापीठावरच खटला झाला. म्हणणं एवढंच की पैसा जनतेचा आहे, तर संशोधन कुणाच्या फायद्याचं ते आधी तपासा. १९८७ साली खालच्या कोर्टात ते जिंकले. १९८९ साली वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. हरले तरी प्रश्न बरोबर विचारला होता. तोच प्रश्न आपण इथं विचारतोय.

विचारायचा कुठं? चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी एक बैठक बसते, जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात तिला. कुठला वाण लोकांना द्यायचा, कुठली शिफारस छापायची ते तिथं मंजूर होतं. प्रत्येक विद्यापीठाला कार्यकारी परिषद आहे, तिच्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. त्यात वनजमीन कसणारा एक माणूस किंवा एक बाई पाहिजे. बी राखणं, मोह-चारोळी वेचणं, हुलगे-राळ्याची निवड करणं हे बायांचं शास्त्र आहे, त्यामुळे बाई असली तर जास्त बरं. हुलगा, राळा, भगर, कारळ यांचे प्रयोग विद्यापीठाच्या सपाट प्रक्षेत्रावर नकोत. आपल्या उतारावर करा, आपल्या मजुरीचे पैसे देऊन करा. बी आपलं असेल तर तशी नोंद करा.

आणखी एक मागणी आहे, सगळ्यात महत्त्वाची. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २७ डिसेंबर १९७८ चा आहे. गायरानाबद्दल २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या कसणाऱ्या दलित-आदिवासींसाठी. दोन्हीकडे अडवणूक एकच, पुरावा आणा. पावती हरवली, वाळवीनं खाल्ली, नाकेदारानं पैसे घेतले आणि पावती दिलीच नाही. पावतीशिवायचा पुरावाही बघा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, पण खाली ते कुणी मनावर घेतलं नाही.

अरे, पण जमीन स्वतःच पुरावा आहे! बांध किती वर्षांचा, बांधावरचा आंबा किती वर्षांचा, माती किती पावसाळे नांगराखाली आहे, हे मातीच्या शास्त्रज्ञाला सांगता येतं. विद्यापीठात मृदाशास्त्राचा विभाग आहे. त्यांनी आपल्या प्लॉटवर यावं, पाहावं आणि लिहून द्यावं. हे आमचं काम नाही असं ते म्हणतील. मग कारखान्याला, धरणाला जमीन घेताना झाडाचं वय आणि किंमत ठरवायला शेतीफळबागेची जाणती माणसं येतात ती कशी? जमीन काढून घेताना झाडाचं वय मोजता येतं, तर जमीन नावावर करताना का येत नाही?

२४ डिसेंबर १९९६ ला पेसा कायदा झाला. ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी मिळणार असं त्यात आहे आणि राज्यांना आपले कायदे बदलायला एक वर्ष दिलं होतं. चांगलंच आहे. पण तो फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू आहे, म्हणजे मराठवाड्यात किनवटकडच्या गावांना. कन्नड, सोयगाव, खुलताबादचा आदिवासी त्यात बसत नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर बसून राहू नका.

ज्या गावात बैठक होईल त्या गावानं ठराव करावा, गावातल्या सगळ्या प्लॉटधारकांच्या सह्या-अंगठ्यांसह. ठरावात किती एकर, कुठलं पीक, कुठल्या सालापासून, बांधावरची झाडं कुठली, घरात बी कुठकुठलं राखलंय, एवढं लिहा. एक प्रत विद्यापीठाच्या कुलगुरूंना, एक जिल्हाधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टानं, पोहोच पावतीसकट. तिसरी प्रत चिकलठाण्याला आमच्याकडे पाठवा. पेरण्या उरकल्या की पोळ्याच्या आत सगळे ठराव एकत्र करून परभणीला घेऊन जायचे आहेत. ज्यांच्याकडे राळ्याचं जुनं बी आहे त्यांनी मूठभर सोबत आणावं, पण सगळं देऊन टाकू नका.