काचेच्या कपाटातील बाहुल्या

गेल्या हिवाळ्यात आमचा मुक्काम अमेरिकेत, न्यू जर्सी संस्थानात, थोरल्या चिरंजीवांकडे होता. तेथील थंडीविषयी व बर्फाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे; आम्ही त्यात भर घालीत नाही. आज त्या घरातील एका कपाटाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमची सूनबाई रसायनशास्त्रात पारंगत आहे. तिच्या दिवाणखान्यातील सर्वांत मोठे काचेचे कपाट ग्रंथांनी भरलेले असेल अशा समजुतीने आम्ही चष्मा पुसून जवळ गेलो, तो आत बाहुल्या! आम्ही मोजल्या, सदतीस भरल्या. चाळिशीला आलेल्या विदुषीने बाहुल्या जमवाव्यात हे आम्हांस विपरीत वाटले, व तसे आम्ही जेवताना बोलूनही दाखविले. सूनबाईने आमटी वाढली, उत्तर दिले नाही. पुढे एका रविवारी मात्र तिने आम्हांस कपाटासमोर खुर्ची मांडून दिली व एकेकीची हकीकत सांगितली. पुढील मजकूर बहुतांशी तिचाच आहे.

बार्बी नावाची बाहुली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ९ मार्च १९५९ रोजी प्रथम मांडली गेली. किंमत तीन डॉलर, उंची साडेअकरा इंच, अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी तिला आपल्या बार्बरा या मुलीचे नाव दिले. पण रूप घेतले ते लिली या जर्मन बाहुलीवरून. ती लिली १९५५ पासून विकली जात होती व मूळची वर्तमानपत्रातील व्यंगचित्रांची नायिका. म्हणजे जिला आज सारे जग अस्सल म्हणते, तीच मुळात दुसरीची छाया. त्या पहिल्या बार्बीच्या तळपायांत भोके असून त्यांत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या असत, बैठकीवर उभी राहावी म्हणून. तिच्या देहाचा रंग काळाने उडून हस्तिदंतासारखा फिका होतो, आणि कर्णभूषणांच्या धातूमुळे कानाशी हिरवा डाग पडतो. असा डाग पडलेली वृद्धाही हजारो डॉलरांस जाते. सूनबाईपाशी ती नाही. तिच्याकडे आहे ती १९९४ सालची प्रतिकृती, पस्तिसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीने स्वतःच काढलेली; आणि ती प्रतिकृती आहे हे पेटीवर स्पष्ट छापलेले आहे.

येथे आम्ही आमचा हुकमी आक्षेप काढला, की नक्कल ती नक्कल. सूनबाई म्हणाली, "अण्णा, खोटे बोलते ती नक्कल वाईट. ही आपले नाव सांगते." एवढ्यापुरते आम्हांस गप्प बसावे लागले.

दुसऱ्या फळीवर थोरामोठ्यांच्या गौरवार्थ काढलेल्या बाहुल्या होत्या. हा प्रकारही जुनाच. शर्ली टेंपल या बालनटीची बाहुली आयडियल कंपनीने १९३४ साली बाजारात आणली. ती लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याची; हवेतील दमटपणा व उष्णता यांनी अशा बाहुल्यांच्या चेहऱ्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. १९५७ साली तीच बालिका व्हिनाइलची होऊन पुन्हा आली. मूळ नटी तोवर संसारी स्त्री झाली होती. बाहुली मात्र लहानच्या लहान.

थोरांची वस्त्रे बाहुलीस नेसविण्याची हौस अमेरिकेनेच काढली असे मात्र कोणी समजू नये. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडेच्या रूपाने कौरवांवर निघाला, तेव्हा उत्तरेने व तिच्या सख्यांनी त्याजपाशी मागणे मागितले ते राज्याचे नव्हे; आमच्या बाहुल्यांसाठी त्या वीरांची तलम, रंगीत वस्त्रे आण, असे मागितले. आणि अर्जुनाने ते लक्षात ठेवले! संमोहनास्त्राने सेना मूर्च्छित होताच त्याने उत्तराला द्रोण-कृपांची शुभ्र, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा व दुर्योधन यांची निळी वस्त्रे आणावयास पाठविले. भीष्म शुद्धीवर आहेत, त्यांच्या वाऱ्यास उभा राहू नकोस, असे बजावलेही. हा प्रसंग आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविला, पण त्यातील बाहुल्यांकडे कधी लक्ष दिले नव्हते. सूनबाईस सांगितला तेव्हा ती प्रथमच मोकळेपणी हसली.

उत्तरेस वस्त्रे मिळाली ती अस्सल. हल्लीच्या काळी काय होते पाहा. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन यांच्या चीजवस्तूंचा लिलाव १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यांत नकली मोत्यांची तिपदरी माळ होती; अंदाज पाचसातशे डॉलरांचा, ती गेली २,११,५०० डॉलरांस. घेणारी फ्रँक्लिन मिंट ही कंपनी. तिने त्या माळेच्या हुबेहूब माळा काढून विकल्या. नकली मोत्यांची नक्कल! जॅकलीन यांची बाहुलीही याच कंपनीने काढली.

या कंपनीचे दुसरे प्रकरण इतके विनोदी नाही. राजकन्या डायना १९९७ साली अपघातात गेल्या. त्यांच्या बाहुल्या परवानगीवाचून विकल्याबद्दल त्यांच्या नावाच्या स्मृतिनिधीने १९९८ साली कॅलिफोर्नियात फिर्याद केली, ती २००० साली निकालात निघून निधी हरला. कंपनीने उलट दावा लावला. त्या दाव्यापायी २००३ साली निधीस धर्मादाय संस्थांची अनुदाने गोठवावी लागली. २००४ साली तडजोड झाली. बाहुलीच्या भांडणात ज्यांचा काही संबंध नव्हता अशा संस्थांची मदत अडली, हे ऐकून आम्ही त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुलीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. मृताचा चेहरा कोणाचा? मेक्सिकोच्या चित्रकर्त्री फ्रिडा काहलो यांच्याविषयीही हाच तंटा २०१८ साली उपस्थित झाला. त्यांनी आपल्या चित्रांत स्वतःच्या जुळलेल्या भुवया अभिमानाने रंगविल्या. बाहुलीच्या भुवया कोरीव व वर्ण उजळ! कुटुंबीयांनी हरकत घेतली व तेथील न्यायालयाने त्या देशातील विक्री थांबविण्याचा हुकूम दिला. आमच्या मते कुटुंबीयांचे म्हणणे रास्त होते. गौरव करावयाचा तर भुवया का काढाव्या?

आता आमच्या हातून झालेली चूक. कपाटात हेलन केलर यांची २०२१ सालची बाहुली आहे. तिच्या पेटीवर अंधांची उठावाची अक्षरे आहेत. आमची पाच वर्षांची नात त्या टिंबांवरून बोटे फिरवीत "आतली दे" म्हणून हट्ट धरून बसली. घरी दुसरे कोणी नव्हते. आम्ही चाकूने पेटी फोडली व बाहुली तिच्या हाती दिली. न उघडलेली पेटी हीच या छंदातील अर्धी किंमत, हे आम्हांस कोठे ठाऊक! संध्याकाळी सूनबाईने फाटलेला पुठ्ठा पाहिला. ती रागावली नाही. पुष्कळ वेळाने म्हणाली, "असू द्या, अण्णा. मी नऊ वर्षांची असताना माझी एकुलती बाहुली बाबांनी देऊन टाकली. अभ्यासाचे वय झाले म्हणाले. हरवलेली परत मिळत नाही, म्हणून तिच्यासारख्या जमवते. पण खेळायचे मात्र राहूनच गेले."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. १९९४ साली आमची कन्या चौथीत होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस चार महिने उरले असता तिच्या आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली आम्ही मोलकरणीच्या मुलीस देऊन टाकली. कन्या रडली की नाही ते आम्ही पाहिलेही नाही. शिष्यवृत्ती मिळाली, ती आम्ही आपलीच मानली.

सकाळी आम्ही तिला नागपुरास दूरध्वनी केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, ती बाहुली आठवते का?

"परकर हिरवा होता, अण्णा, आजीच्या खणाचा. आणि डावा डोळा निघाला होता, तो तुम्हीच काळ्या दोऱ्याने टाचून दिला होतात."

आम्हांस डोळ्याचे काही आठवत नव्हते. तिने विचारले, तिकडे बर्फ पडतो आहे का. आम्ही म्हणालो, पडतो आहे.