पथ्याच्या कागदाची दुसरी बाजू

मधुमेह झालेल्या माणसाने काय खाऊ नये, हे आपल्या सोलापूर जिल्ह्यात कोणालाही विचारा, एस.टी. स्टँडवर भेटलेला अनोळखी माणूससुद्धा घडाघडा सांगेल. भात नको, बटाटा नको, केळे नको, आंब्याचे तर नावच नको. रक्तदाबाची यादी वेगळी, हृदयविकाराची आणखी वेगळी. साठीनंतर ज्यांना हे तिन्ही आजार आहेत अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. तिन्ही याद्या एकत्र केल्या की त्यांच्या ताटात काय उरते, याचा विचार कोणी करीत नाही.

'पथ्य' या शब्दाचा अर्थ खरे तर हितकर असा आहे. जे टाळायचे ते अपथ्य. आपण मात्र पथ्य म्हणजे बंदी असेच धरून चाललो आहोत. माझे मत असे, की नको असलेल्या गोष्टींची यादी रुग्णाच्या हाती देताना त्याच कागदाच्या मागे त्याने आवडीने काय खावे, काय ऐकावे, काय वाचावे आणि दिवसातला कोणता अर्धा तास स्वतःच्या मर्जीने घालवावा, हेही लिहिले गेले पाहिजे. याला कोणी लाड म्हणेल. मी त्याला उपचाराचा भाग समजतो.

एक उदाहरण देतो. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी. मधुमेह व रक्तदाब जुना. आठ महिन्यांत त्यांचे वजन ६३ किलोवरून ५४ वर आले. कर्करोग असेल या भीतीने मुलांनी सर्व तपासण्या करून घेतल्या. छातीचा फोटो, सोनोग्राफी, थायरॉइड, सारे ठीक. मग रोजचे जेवण विचारले. बिनमिठाची भाजी, बिनतेलाची आमटी, दोन कोरड्या पोळ्या, आणि हे ताट त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायचे, कारण बाकीच्यांचे जेवण पाहून त्यांना इच्छा होऊ नये! गुरुजी अर्धे ताट परत पाठवीत. थोरला मुलगा मात्र अभिमानाने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही एक दिवस पथ्य मोडलेलं नाही."

वय वाढते तशी वासाची आणि चवीची जाणीव मंदावते. दात गेलेले असतात. काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. अशा माणसापुढे अळणी ताट ठेवले, तेही एकट्याने जेवायला, तर तो खाणार कसा? सत्तरीच्या पुढे विनाकारण वजन घटणे ही काळजीची गोष्ट आहे. स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडते.

गुरुजींना मी सर्वांच्या पंगतीत बसवायला सांगितले. कडक भाकरी आमटीत कुस्करून, वाटीभर घरचे दही आणि चमचाभर शेंगाचटणी, मीठ नेहमीच्या निम्मे घालून. शेंगदाण्यात सुमारे चतुर्थांश प्रथिने असतात, म्हणजे ही चटणी नुसते जिभेचे चोचले नव्हेत. चार महिन्यांत तीन किलो वजन भरून आले. साखर किंचित वाढली, पण त्यांच्या वयाला चालेल इतकीच.

याचा अर्थ सर्व मोकळे, असा कोणी घेऊ नये. दिवसाचे मीठ एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असावे हे खरेच आहे, आणि पापड-लोणच्यातून ते नकळत जाते हेही खरे. आंब्याचे म्हणाल, तर १०० ग्रॅम फोडींत १५ ग्रॅमच्या आसपास साखर व पिष्ट असते. साधारण तेवढेच एका लहान पोळीत असते. तेव्हा साखर ताब्यात असलेल्या माणसाने उन्हाळ्यात एक पोळी कमी करून चार फोडी खाव्यात, सावकाश, कोय चोखायची असेल तर तीही चोखावी. आमरसाच्या तीन वाट्या आणि वर पुऱ्या, हा प्रकार वेगळा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र वरचे काहीही स्वतःच्या मनाने करू नये. त्यांचा हिशेब निराळा असतो. मार्गशीर्ष-पौषात हुरडा खायला शेतावर जरूर जावे. गुळाऐवजी दही घ्यावे आणि बांधापर्यंत चालत जावे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पायात चप्पल हवीच. अनवाणी हिरवळीवर चालण्याचा सल्ला हल्ली मोबाइलवर रोज फिरतो. मधुमेहाच्या रुग्णासाठी तो घातक आहे, कारण काटा रुतला तरी त्याला कळत नाही.

खाण्यावर फार लिहिले. वाचनाकडे वळतो. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) घरात असावेच. एकेक व्यक्तिचित्र वीस-पंचवीस मिनिटांत होते, झोपण्यापूर्वी तेवढे पुरे. पोटाचे ऑपरेशन झालेल्याला टाके निघेपर्यंत ते देऊ नये, एवढीच सूचना! व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आपल्या शेजारच्या माणदेशातली; ज्यांनी दुष्काळ पाहिला आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यातले वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन मी डॉक्टर म्हणून पुन्हा पुन्हा वाचतो. मंत्रचळ या विकाराने सारे घर कसे वेठीला धरले जाते, हे इतके स्वच्छ आणि इतक्या हसत कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

'हल्ली वाचायचा कंटाळा येतो' असे जो म्हणतो, त्याचे डोळे आधी तपासावेत. पुष्कळदा तो कंटाळा मोतीबिंदूचा असतो. तसेच टीव्हीचा आवाज रोज वाढत असेल आणि भजनाला जाणे सुटले असेल, तर कान दाखवावेत.

संगीताबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण 'संगीताने अमुक रोग बरा होतो' अशा जाहिराती फार झाल्या आहेत. कुमार गंधर्वांची हकिकत पाहा. जन्म १९२४चा, बेळगाव जिल्ह्यातला. लहान वयातच गायक म्हणून नाव झाले, आणि ऐन तारुण्यात क्षय झाला. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला जाऊन राहिले. गायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. काही वर्षे अंथरुणावर गेली. पण ऐकायला मनाई नव्हती. पडल्यापडल्या त्यांनी आसपासच्या बायाबापड्यांची, वाटेने जाणाऱ्या फकीर-भिक्षेकऱ्यांची माळवी गाणी कान देऊन ऐकली. क्षय बरा झाला तो स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळी नव्या औषधाने, गाण्याने नव्हे. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. तरीही १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि आजारपणात ऐकलेले ते लोकसंगीत पुढे त्यांच्या गाण्यात आले. त्यांची निर्गुणी भजने दिवेलागणीला, घरातले इतर आवाज बंद करून ऐकावीत, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. औषधाने जीव वाचला. पण त्या वर्षांत त्यांना गाऊ नका म्हणतानाच कोणी ऐकायलाही बंदी केली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो.

ज्यांना हे संगीत जड वाटेल त्यांनी नाट्यगीते ऐकावीत, जुनी सिनेमाची गाणी ऐकावीत, 'गीतरामायण' ऐकावे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला प्रसारित होई. ज्यांनी ते तेव्हा ऐकले, त्यांना आता कोणते गाणे आवडे एवढे विचारा आणि गप्प बसा. बोलायला ते पुढचा तासभर थांबणार नाहीत.

आता बायकांविषयी. दवाखान्यात आलेल्या पुरुषाला 'तुम्हाला काय आवडतं?' असे विचारले तर उत्तर लगेच येते. बाईला विचारले तर असे होते:

"मावशी, तुम्हाला स्वतःला काय आवडतं?"

"माझं काय, डॉक्टर? नातवाला पुरणपोळी आवडते."

"नातवाचं नाही, तुमचं विचारतोय."

मग मावशी सुनेकडे पाहतात आणि हसतात. कंबरदुखी, डोकेदुखी, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे येणाऱ्या कितीतरी बायकांचे रक्त तपासले जाते, फोटो काढले जातात, पण हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारलेला नसतो. त्यांच्या कागदामागे मी एकच ओळ लिहितो: दुपारी तीन ते साडेतीन, घरातल्या कोणीही हाक मारू नये. त्या वेळात त्यांनी मोगऱ्याला पाणी घालावे, शेजारणीकडे जावे, नाहीतर नुसते आडवे व्हावे. हा कागद नवऱ्याने वाचायचा आहे. घरात एखादी मशेरीची डबी असेल तर तिचा मात्र या अर्ध्या तासात समावेश नाही. तंबाखू कोणत्याही रूपात असो, तिला मी सुख मानत नाही. तिने येणारी तरतरी म्हणजे तिच्याच तलफेची तात्पुरती समजूत असते.

शेवटी एक गंभीर गोष्ट. आवडीनिवडी विचारणे ही डॉक्टरची तपासणीही असते. पूर्वी जे मनापासून आवडत होते, मग तो चहा असो, हार्मोनियम असो की नातवंडे असोत, ते दोन आठवडे किंवा अधिक काळ मुळीच गोड वाटेनासे झाले असेल, तर ते नैराश्य या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे. अशा माणसाला 'गाणी ऐक, बरं वाटेल' एवढे सांगून भागत नाही. त्याला डॉक्टरांकडे आणावे. उपचारात औषधे असतात, बोलणे असते, आणि दिवसातून एखादी आवडती गोष्ट ठरवून, मन नसले तरी, करायला लावणे हीही त्यातली एक मान्य पद्धत आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी करीत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

बाकीच्यांनी पुढच्या खेपेस दवाखान्यात येताना जुने रिपोर्ट आणावेत, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणाव्यात आणि पथ्याच्या कागदामागे आपल्या आवडीच्या पाच गोष्टी लिहून आणाव्यात. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्याव्यात. त्याच्या आवडीच्या मात्र नकोत.