फोडणीतला वाटेकरी

आमच्या सोसायटीत दर महिन्याला झाडांवर औषध मारतात, आणि सोसायटीच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलपाखरांच्या फोटोंची चढाओढ चालते. औषध थांबावं असं माझं म्हणणं आहे, निदान कढीपत्त्यापुरतं तरी.

लिंबू आणि कढीपत्ता हे कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराच्या अळीचं खाणं. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते. लहान अळी म्हणजे थेट पाखराची शीटच. शेवटी कात टाकून पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं काढते आणि उग्र वास सोडते. ते पाहून आमचे माळीदादा म्हणाले, "ताई, डसंल ही!" डसत नाही. रोप बोडकं करते, हे खरं. पण कढीपत्ता पुन्हा फुटतो.

नर ओळखणं सोपं: मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादीची मात्र तीन रूपं. एक नरासारखं; उरलेली दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांची हुबेहूब नक्कल. या दोन्ही रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिचं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मनची मादी विषाला तोंड न लावता नुसता वेश घेते. 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की हे सोंग 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हाती आहे. वाचून मी थक्क झाले होते.

मग ओळखायचं कसं? रोझचं धड लाल, हिचं काळं. फोटोत धड नेमकं पंखाआड जातं. पण कढीपत्त्यावर पोट वाकवून अंडं घालताना दिसली, तर ती मॉर्मनच. रोझ तिथं कशाला येईल? पंखांनी कितीही फसवलं, तरी पोरांच्या जेवणाची जागा फसवत नाही. आणि औषध मारतो आपण नेमकं त्याच जागेवर.

2015 साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. त्याची पोस्टर्स लावायला कुणाची ना नसते.

येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे: फाटकाजवळचे दोन कढीपत्ते बिनफवारणीचे. त्याच फवारलेल्या पानांची फोडणी आपण रोज आमटीला देतो, हा मुद्दा शेवटी काढेन. फुलपाखरासाठी न उठलेले हात त्याला उठतील.