खोक्यावरचे वॅट

दिवाळी झाल्यावर सिंहगड रस्त्याकडच्या एका काकांनी बारा इंची सबवूफर माझ्या टेबलावर आणून ठेवला. कोन हलकेच दाबला तर आतून खरखर आली. उघडायच्या आधीच वास आला. जळलेल्या कॉइलचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. "अँप्लिफायर दोन हजार वॅटचा घेतला होता हो," काका म्हणाले. "पॉवर जास्त झाली का?"

जास्त नव्हती, कमी पडली होती. पण हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना अँप्लिफायर घेऊन बोलावलं. स्पीकरच्या जागी ४ ओहमचा जाड रेझिस्टर लावला, ४० हर्ट्झचा सूर सोडला आणि त्यांना लाट पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपसमोर बसवलं. १७ व्होल्टला (आरएमएस, म्हणजे प्रभावी व्होल्ट) लाटेचे शेंडे कापले जाऊ लागले. १७ गुणिले १७, भागिले ४, म्हणजे ७२ वॅट. मागच्या बाजूला २ अँपियरचा फ्यूज होता. घरची वीज २३० व्होल्टची, म्हणजे आत सतत जाऊ शकतात फार तर ४६० वॅट. मग बाहेर दोन हजार कुठून येणार? खोक्यावरचा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा होता, आणि त्या आकड्याला कसलाही ठरलेला मापदंड नाही.

स्पीकरचीही तीच कथा. वर ६०० छापलेलं, पण कॉइलची जाडी बघता मला तो १०० वॅटच्या पुढचा वाटेना. आवाज अंगावर येत नाही म्हणून काकांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला. शेंडे पुरते चेपले गेले की तीच लाट स्वच्छ लाटेच्या दुप्पट उष्णता कॉइलमध्ये ओतते. ७२ चे झाले १४४. सिनेमाभर तेवढे सोसताना कॉइल जळणारच. अँप्लिफायर दुरुस्तीच्या धंद्यात मला तीस वर्षं झाली. माझ्याकडे जळून येणाऱ्या कॉइलची हकिकत बहुतेक वेळा अशीच असते.

म्हणून मी ठामपणे सांगतो, की घरातल्या सबवूफरलाही ताकदवान अँप्लिफायरच हवा. दणका वाढवण्यासाठी नव्हे. आवाजाचा हिशेब गुणाकाराचा असतो. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम 'हं, थोडा वाढला' इतपत. उलट बाजूने बघा. पावसाच्या साध्या प्रसंगात सबवूफर ३ वॅटवर निवांत चालतो. पुढच्या क्षणी पूल कोसळतो आणि आवाज २० डेसिबलने उसळतो. २० डेसिबल म्हणजे १०० पट, म्हणजे ३०० वॅट, तेही दोन सेकंदांपुरते. त्या दोन सेकंदांसाठी मोठा अँप्लिफायर घ्यायचा. उरलेले दोन तास तो आरामात असतो, आणि आरामात असलेल्या अँप्लिफायरचा आवाज स्वच्छ येतो.

काकांना नवा सबवूफर सुचवला तो ४ ओहमचा, ३०० वॅट आरएमएसचा, म्हणजे तेवढे वॅट सतत सोसणारा. त्याला त्याच ४ ओहमवर ५०० वॅट आरएमएस देणारा अँप्लिफायर. 'त्याच ओहमवर' हे शब्द मी दुकानदाराला दोनदा म्हणायला लावतो. एक अँप्लिफायर ८ ओहमला देतो ते वॅट वेगळे, ४ ला देतो ते वेगळे. आणि ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो, जो पुष्कळ अँप्लिफायरना झेपतच नाही. मंडपातला डीजेचा अँप्लिफायर स्वस्तात भरपूर वॅट देतो म्हणून काही जण तोच घरी आणतात. वॅट खरे असतात, पण त्याचा पंखा घरघरतो. 'सैराट' सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगातून आवाजच काढून घेतलेला आहे. त्या शांततेत पंखा घरघरला, किंवा अर्थिंगच्या घोळामुळे ५० हर्ट्झचं हमिंग आलं, तर हजार वॅट काय कामाचे? अँप्लिफायर पसंत करताना मी तोच प्रसंग लावतो.

खोक्यावर आरएमएस वॅट, कोणत्या ओहमवर आणि किती हर्ट्झपर्यंत खाली, या तीन गोष्टी छापायची सक्ती असायला हवी. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापतातच ना?

खोलीचं मात्र कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. काकांचा हॉल बारा फूट लांब. तेवढ्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट भिंतीपाशी घुमते आणि बरोबर मधोमध नाहीशी होते. त्यांचा सोफा नेमका मधोमध. तिथे वॅट कितीही वाढवा, खड्डा भरत नाही. म्हणून आधी सोफा दोन फूट मागे घेतला. मग ऐकणाऱ्याची आणि सबवूफरची जागा अदलाबदल करून बघितली: सबवूफर सोफ्यावर ठेवला, खालून वर चढत जाणारा सूर लावला आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत कान लावत गेलो. बाल्कनीच्या दाराजवळ आवाज सगळ्यात सपाट लागला. सबवूफरची जागा तीच ठरली.

काकांच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' मापाने मोजतात, आणि ते माप ५० हर्ट्झच्या आवाजातले ३० डेसिबल वजा करून टाकतं. मीटर नियमात दाखवतो, आजींच्या छातीत मात्र धडधडत राहतं. त्यामुळे जोडणी झाल्यावर मी कुठल्याही मीटरवर विसंबत नाही. काकांना वर सिनेमा लावायला सांगितला आणि मी आजींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मांडणीवरच्या डब्यांची झाकणं थरथरत होती. फोनवरून सांगत गेलो, अजून कमी, अजून थोडा. झाकणं थांबली. आजींनी स्वतः डब्यावर हात ठेवून बघितलं आणि मान हलवली. वर काकांनी नॉबपाशी पेन्सिलने रेघ मारली.