नागिणीचा विळखा आणि पहिले तीन दिवस

वस्तीत कुणाच्या छातीवर किंवा कमरेवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला की शेजारची आजी सांगते, "नागीण आहे. दोन्ही टोकं जुळायच्या आत उतरवून आणा." मग गेरूचा लेप, पाल्याचा रस, मंत्र. आम्ही परिचारिकांनी असे कितीतरी रुग्ण पाहिले. बहुतेक जण आठ-दहा दिवसांनी, लेपाखालचे फोड चिघळल्यावर आलेले.

नागीण हा सापाचा कोप नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातच राहतो. कण्याजवळ, नसांच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं निपचित पडून असतो. वय झालं किंवा आजारानं प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. आधी आग आणि ठणका, मग फोड. ती नस शरीराच्या एकाच बाजूला जाते, म्हणून पट्टा साधारण मध्यावर थांबतो. विळखा मंत्रानं अडत नाही. नसेची हद्दच तेवढी असते.

मग उतरवणाऱ्याकडे गुण कसा येतो? फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, श्रेय त्याला मिळतं. पण आतली नस दुखावलेली राहू शकते. म्हाताऱ्या माणसांना कातडी सुकल्यावरही महिनोन्महिने पदराचा स्पर्श सोसत नाही. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू केल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. नेमके तेच तीन दिवस आपण लेपात घालवतो. फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नजर जाऊ शकते. फोड अंगभर पसरले तरीही थांबू नका.

नागिणीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत फोड स्वच्छ सुती कापडानं झाका, टॉवेल वेगळा ठेवा, कांजिण्या न आलेली गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना जपा. पण रुग्णाचं ताट वेगळं मांडू नका. वेगळं ताट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तरुण माणसाला नागीण झाली की एचआयव्हीची कुजबुज सुरू होते. नागीण म्हणजे एचआयव्ही नव्हे. डॉक्टरांनी तपासणी सुचवली तर करून घ्यावी, सरकारी केंद्रात ती मोफत आणि गुप्त असते. कुजबुजीच्या भीतीनं माणूस दवाखानाच टाळतो, हे जास्त वाईट.

उतारे आणि नवस आपण 1956 साली दीक्षाभूमीवर सोडले. मग नागीण उतरवणं कशाला राखून ठेवलं? दोष मात्र एकट्या वस्तीचा नाही. रोजंदारीची बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा सरकारी दवाखाना बंद असतो आणि उतरवणाऱ्याचं दार उघडं असतं. म्हणून महिला मंडळांनी दोन मागण्यांचं निवेदन द्यावं, असं आम्हाला वाटतं: दवाखाना संध्याकाळी उघडा हवा आणि या गोळ्या तिथे कायम शिल्लक हव्यात. तोवर शेजारी कुणाला फोड दिसले तर उतरवणाऱ्याचा पत्ता देऊ नका, स्वतः सोबत दवाखान्यात जा.