रविवारची सुट्टी आणि संपाचा हक्क

रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना कोणी मिळवून दिली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. मुंबईत कामगारांना संघटित करून, सभा घेऊन, निवेदनं देऊन १८९० साली त्यांनी ती मिळवली.

संघटना स्थापन करणं हा संविधानाच्या कलम १९ नुसार मूलभूत हक्क आहे. संप मात्र तसा हक्क नाही. सरकारी कर्मचाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे स्पष्टच सांगितलं.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आम्ही शिक्षक संपावर गेलो, तेव्हा ऐन परीक्षांच्या दिवसांत अनेक शाळा बंद राहिल्या. पालकांचा राग रास्तच. पण निवेदनं फाइलीत पडून राहिली, की हातात संपच उरतो. म्हणून माझ्या मते, ठरावीक मुदतीत चर्चेला बसणं सरकारवर बंधनकारक असायला हवं. मुलांचे वर्ग त्यानेच वाचतील. तुम्हाला काय वाटतं?